रक्त नको, लेंड्या मोजा : मेंढ्यांच्या एका लसीबद्दल खुलं पत्र

प्रति,
राज्याच्या पशुसंवर्धन खात्यात शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाचं काम पाहणारे अधिकारी,
आणि दिवाळीनंतर ठाणे जिल्ह्यात उतरणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्यांशी, म्हणजे फिरत्या तळांशी, ज्यांचा संबंध येतो ते सगळे पशुवैद्यक

सप्रेम नमस्कार.

सुरुवातीलाच सांगते, मी पशुवैद्यक नाही. ठाण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं टेक्निशियन आहे आणि राहते ऐरोलीला. माणसांचं रक्त, थुंकी, लघवी यांतच माझा दिवस जातो. पण माहेर पारनेर तालुक्यातलं, धनगराचं. माझे धाकटे चुलते, आमचे तात्या, अजूनही दिवाळी झाली की माळशेज उतरून मुरबाडकडे मेंढरं घेऊन येतात आणि पावसाच्या आधी परत घाट चढतात. त्यामुळे आठवडाभर माणसांच्या नळ्या हाताळायच्या आणि एखाद्या रविवारी वाड्यावर जाऊन कोकरं हाताळायची, असं माझं चालतं. या दोन्हींच्या मधे उभी राहून, मेंढ्यांना झिजवणाऱ्या जोन्स या आतड्याच्या रोगाबद्दल आणि त्याच्या लसीबद्दल जे दिसलं ते लिहिते आहे.

मागच्या पौषात मी सरळगावच्या पुढे वाड्यावर गेले होते. भात निघालेल्या खाचरात वाडा बसला होता. चुलतीने चुलीवर चहा ठेवला आणि तात्यांनी एक मेंढी धरून माझ्यासमोर उभी केली. "ही बघ. चरती, रवंथ करती, पन अंगाला लागंना." तीन वर्षांची दख्खनी मेंढी. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचा मणी न् मणी बोटांना लागत होता. लोकर चिमटीत धरली की पुंजकाच हातात येई. हगवण नव्हती, लेंड्या जरा सैल आणि एकमेकींना चिकटलेल्या, इतकंच. जंताचं औषध दोनदा पाजून झालं होतं. यकृतातल्या चपट्या कृमींचंही एकदा. दात शाबूत होते.

ओळखीच्या एका पशुवैद्यकांनी तिच्या मानेतून रक्त काढून दिलं, जोन्सची शंका बोलून दाखवली, आणि मी ते रक्त बर्फावर ठेवून एका प्रयोगशाळेकडे पाठवलं. एलायझा, म्हणजे रोगाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं रक्तात शोधणारी चाचणी, निगेटिव्ह आली. मी तात्यांना फोन केला : रक्तात काही नाही, मेंढी ठेवा.

ही चूक माझी. ज्या बाईने आयुष्य एलायझाच्या प्लेटा धुण्यात घालवलं तिने तरी हे वाक्य उच्चारायला नको होतं. माझ्या शब्दावर ती मेंढी फाल्गुनापर्यंत कळपात राहिली, कोकरं बांधतात त्याच आंब्याखाली बसली, तिथेच हगली, आणि एका सकाळी उठलीच नाही. पशुवैद्यकांनी तिला खाचरातच फाडलं. लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड झालेलं, त्याच्या शेजारच्या गाठी सुजलेल्या. त्या आतड्याच्या तुकड्याची स्लाइड रंगवली तर जंतू शोधून शोधून सापडले, तेही थोडेच. पंधरा दिवसांनी दुसरी मेंढी तशीच झिजायला लागली. तिच्या रक्ताची एलायझा मात्र नुसती पॉझिटिव्ह नव्हे, प्लेटवरची पिवळी खूण डोळ्यांत भरेल अशी. तिची लेंडी मी आमच्या साहेबांची परवानगी घेऊन थुंकीसाठी वापरतो त्याच रंगांनी रंगवली. गुलाबी काड्यांचे झुबकेच्या झुबके होते. तीही गेली.

एकीच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हती, दुसरीच्या रक्तात भरमसाट होती, आणि दोघीही एकाच रोगाने गेल्या. माझं सगळं म्हणणं या दोन मेंढ्यांभोवती फिरतं.

आपणांपैकी बहुतेकांना हा रोग माहीत आहे. तरी हे पत्र मुरबाड-शहापूरकडची मेंढपाळांची मुलंही फोनवर वाचतील, म्हणून थोडं सांगते. १८९५ साली जर्मनीत ड्रेस्डेन इथे हाइन्रिश अल्बर्ट योने यांनी एका सहकाऱ्याबरोबर गाईच्या आतड्यात क्षयासारखे दिसणारे जंतू पाहिले. त्यांच्यावरून रोगाचं नाव पडलं, आणि आपण त्याचा उच्चार जोन्स असा करून टाकला. जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंदच आहे. कोकरू आईचं शेणाने माखलेलं आचळ चोखतं, किंवा घाण झालेलं गवत-पाणी तोंडात घेतं, तेव्हा तो आत शिरतो. पुढे दोन-तीन वर्षं काहीही दिसत नाही. मेंढी माजावर येते, विते, दूध देते. मग झिजायला लागते. गाईला या रोगात पाण्यासारखी हगवण लागते, मेंढीला पुष्कळदा लागतच नाही, आणि म्हणून मेंढपाळाला तो ओळखू येत नाही. आमच्याकडे या रोगाला वेगळं नावही नाही. "मेंढरू झिजलं" म्हणतात. जंत झाले तरी झिजलं, म्हातारं झालं तरी झिजलं, आणि हा झाला तरी झिजलंच.

आता त्या दोन मेंढ्यांकडे येते. हा जंतू रक्तात मोकळा फिरत नाही. आतड्याच्या भिंतीतल्या ज्या भक्षक पेशी जंतूंना गिळून मारायच्या असतात, त्यांच्याच पोटात तो घर करतो. प्रतिपिंडं राहतात पेशीच्या बाहेर. लांडगा वाघरीच्या, म्हणजे कळपाभोवतीच्या जाळीच्या, आत शिरून बसलाय आणि कुत्री बाहेरून भुंकताहेत, असा तो प्रकार. कुत्री कितीही जोरात भुंकली तरी आतल्या कोकराला त्याचा उपयोग नाही. उपयोग होतो तो दुसऱ्या फळीचा : टी-पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्याने भक्षक पेशीला जाग येते आणि ती पोटातल्या जंतूला मारू लागते. लागण झाल्यावर बहुतेक मेंढ्यांत आधी ही फळी उभी राहते, आणि काही जणी तिच्या जोरावर रोग रोखूनही धरतात. ज्यांची ही फळी पुढे ढासळते, त्यांच्या आतड्यात जंतू बेसुमार वाढतात आणि तेव्हा कुठे रक्तात प्रतिपिंडं चढतात. म्हणजे जोन्समध्ये भरपूर प्रतिपिंडं हे बहुतेक वेळा हरत चालल्याचं लक्षण आहे.

कुष्ठरोगाचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे नवं वाटणार नाही. त्याही रोगाची दोन टोकं असतात. एका टोकाला पेशींची प्रतिक्रिया दणकट आणि जंतू मोजके, दुसऱ्या टोकाला प्रतिपिंडं खूप आणि जंतूही खूप. मेंढीच्या आतड्याचे तुकडे तपासणारे लोक तेच दोन प्रकार सांगतात, आणि रोगाने झिजलेल्या मेंढ्यांत जास्ती करून दुसरा प्रकार सापडतो. तात्यांची पहिली मेंढी पहिल्या टोकाची होती. जंतू थोडे, पण त्यांच्याशी लढताना सुजून सुजून आतडं निकामी झालं आणि खाल्लेलं अंगी लागेना. लढाई दणकट झाली म्हणजे मेंढी वाचतेच असं नाही, हेही तिने शिकवलं.

माणसांच्या क्षयात आम्ही हा धडा महागात शिकलो. एके काळी रक्तातली प्रतिपिंडं बघून क्षय सांगणाऱ्या किटचा बाजार जोरात होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या चाचण्या वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०१२ साली केंद्र सरकारने त्यांवर बंदी आणली. आमच्या लॅबमध्ये तेव्हा अर्धा खोका शिल्लक होता, तो फेकला. त्याआधीच्या वर्षांत त्याच खोक्यांच्या भरवशावर मी किती रिपोर्ट छापले, त्याचा हिशेब मी करत नाही. मेंढीतली एलायझा इतकी टाकाऊ नाही. रोग पुढे गेलेली मेंढी ती बऱ्यापैकी पकडते, कळपात रोग आहे की नाही याचा अंदाजही देते. पण एकेका मेंढीला "तू निरोगी" असं प्रमाणपत्र द्यायला ती कामाची नाही.

इथवर सगळं निदानाचं झालं. पत्र लिहायचं कारण लस आहे.

तात्यांच्या कळपाला आंत्रविषार, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), देवी या रोगांच्या लसी टोचल्या जातात, आणि त्यांचा गुण त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. आंत्रविषाराची लस टोचली की काही आठवड्यांत रक्तात विषाला उतारा तयार होतो आणि पावसाळ्यातल्या कोवळ्या गवतावर मेंढरं पटापट मरायची थांबतात. टोचलं, मरायचं थांबलं, हिशेब पूर्ण. मेंढपाळाची आणि दवाखान्याचीही लसीकडे बघायची नजर याच लसींनी घडवली आहे. जोन्सची लस यादीत यावी असं मला मनापासून वाटतं. पण ती त्याच नजरेने आणली, तर दोन वर्षांत तिचं नाव खराब होईल आणि मेंढपाळ पुन्हा कधी हात लावू देणार नाही, ही माझी भीती आहे.

या लसीचा इतिहास काही नवा नाही. फ्रान्समध्ये व्हाले आणि रँजार यांनी १९२६ साली जिवंत जंतू तेलात घालून पहिली लस केली. मला स्वतःला गोष्ट आवडते ती आइसलँडची. १९३३ साली तिथल्या लोकांनी लोकरीच्या हौसेपायी जर्मनीतून २० काराकुल मेंढ्या आणल्या. विलग ठेवून, तपासून, ठणठणीत म्हणून निरनिराळ्या शेतांवर वाटल्या. त्यांच्या पोटातून जोन्स बेटावर उतरला, आणि तो एकटाच नव्हता, फुफ्फुसं आणि मेंदू पोखरणारे संथ विषाणूही त्याच मेंढ्यांबरोबर आले. ब्यॉर्न सिगुर्डसन यांनी याच मेंढ्यांच्या रोगांवर काम करता करता १९५४ साली "संथ संसर्ग" ही कल्पना मांडली, म्हणजे वर्षानुवर्षं गप्प राहून मग ठरलेल्या वाटेने जीव घेणारा संसर्ग. मेलेल्या जंतूंची तेलातली लस त्यांनीच तिथे वापरून पाहिली, आणि जोन्सने होणारे मृत्यू ९० टक्क्यांहून अधिक घटले. पुढे त्या देशात रोगग्रस्त भागातल्या कोकरांना ही लस सक्तीची झाली. २० मेंढ्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची टोचणी. नवा एडका विकत घेताना तात्या त्याचे दात बघतात, वृषणं चाचपतात, शिंगं बघतात. मी त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, "मग आता काय लेंडी हुंगून घ्यायचा व्हय एडका?" जवळपास तसंच, तात्या.

ऑस्ट्रेलियात हा रोग मेंढ्यांत १९८० साली न्यू साउथ वेल्समध्ये सापडला. आधी त्यांनी कळपच्या कळप कापून रोग संपवायचा प्रयत्न केला, मेंढपाळ बुडाले आणि रोग राहिलाच. २००२पासून तिथे मेलेल्या जंतूंची लस वापरतात, कोकराला आयुष्यात एकदाच, कानामागे मानेच्या वरच्या भागात कातडीखाली १ मिलिलिटर. लागण असलेल्या तीन कळपांवर काही वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले : मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी कमी, लेंडीतून जंतू टाकणाऱ्या मेंढ्याही तितक्याच प्रमाणात कमी, आणि ज्या टाकत होत्या त्यांनी ते उशिरा सुरू केलं. पण टोचलेल्यांतल्याही मोजक्या मेंढ्या आजारी पडल्या आणि लेंडीतून भरपूर जंतू टाकत राहिल्या. लस लागण थांबवतेच असं नाही. ती रोगाला मागे ढकलते, कुरणावर पडणारं विष कमी करते, आणि कळपाला हळूहळू, काही पिढ्यांत, हलकं करते.

आपल्याकडेही लस आहे. मथुरेजवळ मखदूम इथल्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने इथल्याच शेळीतून मिळालेल्या "इंडियन बायसन" प्रकारच्या जंतूपासून ती तयार केली. देशी जंतूपासून देशी लस, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण मथुरेकडच्या शेळ्यांत जे दिसलं तेच मुरबाडच्या खाचरात बसणाऱ्या दख्खनी मेंढीत जसंच्या तसं दिसेल, असं धरून चालू नका. माणसांतलं उदाहरण देते. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ साली बीसीजी या क्षयावरच्या लसीची प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. लस तीच, जी दुसऱ्या देशांत काम करून दाखवत होती. चेंगलपट्टूत मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही. मातीपाण्यातल्या क्षयाच्या चुलतभावंडांशी तिथल्या लोकांची आधीच ओळख झालेली असते आणि त्यामुळे लसीचा प्रभाव झाकला जातो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. आमची मेंढरं कोकणातलं तळं, घाटातला झरा, देशावरचा बंधारा असं वर्षभर बारा ठिकाणचं पाणी पितात. त्यांची आधी कुणाकुणाशी ओळख झालीय, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. म्हणून इथे, याच कळपांवर, लस मोजून बघायला हवी.

आणि मोजायचं काय, तिथेच गाडी चुकेल असं मला वाटतं. लस दिली, महिन्याभराने रक्त काढलं, प्रतिपिंडं चढलेली दिसली, लस यशस्वी असा अहवाल लिहायला सोपा आहे. माझ्यासारखी बाई एका दुपारी ९० मेंढ्यांचे आकडे काढून देईल. पण तेलातली ही लस दिली की प्रतिपिंडं चढतातच आणि बराच काळ चढलेली राहतात. इंटरफेरॉनही चढतं. त्यावरून एवढंच कळतं की मेंढीच्या शरीराने लसीची दखल घेतली. ही मेंढी वाचेल का, हे कळत नाही. उलट एक नुकसान होतं : टोचलेली मेंढी आणि लागण झालेली मेंढी एलायझात सारखीच दिसते. पुढे कुणी ती कातडीच्या क्षय-चाचणीत धरली तर तिथेही गोंधळ होऊ शकतो. तेव्हा कळपात रोग आहे का हे रक्तावरून बघायचं असेल तर ते टोचण्याच्या आधी. आणि टोचलेल्या कोकराच्या कानात खूण नसेल, तर आपण आपल्याच हाताने तो कळप रक्ताच्या चाचणीसाठी कायमचा आंधळा करून ठेवू. गाईम्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. कोकराच्या कानालाही तो जड होणार नाही.

लेंडी खोटं बोलत नाही. टोचलेली असो वा नसो, जंतू भरपूर पडत असेल तर तो लेंडीत सापडतो; थोडा किंवा अधूनमधून पडत असेल तर मात्र एखाद्या नमुन्यातून निसटूही शकतो. ऑस्ट्रेलियात ५० मेंढ्यांच्या लेंड्या एकत्र करून एकच नमुना तपासायची पद्धत आहे. ती इथे का नको? सकाळी वाडा उठला की वाघरीच्या आत काय पडलेलं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मेंढीला धरायला नको, सुई नको, मेंढपाळाची नाराजी नको. कळपातली अर्धी कोकरं टोचा, अर्धी तशीच ठेवा, कानातल्या बिल्ल्यावरून त्यांच्या लेंड्या वेगळ्या गोळा करा, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी बघा. (टोचलेल्या कोकरांमुळे सगळ्याच कुरणावरचे जंतू कमी झाले तर न टोचलेल्यांचाही फायदा होईल आणि फरक लहान दिसेल. तो हिशेब धरायला संख्याशास्त्रातला माणूस लागेल, मी नाही.) दुसरा आकडा मेलेल्या मेंढरांचा. तात्या रोज संध्याकाळी कळप मोजतात, एक कमी असलं तर अंधारात शोधायला जातात. फक्त ते लिहीत नाहीत. माझी चुलत सून दहावी झालेली आहे आणि तिच्याकडे फोन आहे. तिच्यासारखी मुलगी आता बहुतेक वाड्यांवर असते. मेली कोणती, वय काय, झिजून मेली की अचानक, एवढं तिने टिपलं तरी आपल्याला आज नसलेली माहिती मिळेल.

चौथ्या वर्षी बघा, असं मी सहज लिहून गेले. आपल्यापैकी कित्येकांची तोवर बदली झालेली असेल. रोग आपल्या बदल्यांपेक्षा सावकाश चालतो, हा या कामातला खरा अडथळा आहे. जे कोकरू या माघात टोचलं जाईल त्याचा निकाल कोण वाचणार, हे नाव-पदासह आत्ताच ठरवून ठेवता येईल का?

कधी टोचायचं, तेही बोलायला हवं. तात्यांच्या कळपात बरीच कोकरं कोकणात असतानाच जन्मतात. लस कोकराच्या वयाच्या चौथ्या ते सोळाव्या आठवड्यात द्यायची असते, म्हणजे ती मुरबाड, शहापूर, भिवंडीतच द्यायला हवी, घाट चढायच्या आधी. पण कळप गाव बदलतो आणि नोंदवही गावात राहते. जन्म एका तालुक्यात, लस दुसऱ्या जिल्ह्यात, मरण तिसऱ्या ठिकाणी. कळपाची वही कळपाबरोबरच फिरायला हवी. वाड्याच्या घोड्यावर पाण्याचे हंडे, पातेली, कोंबड्या, लहान मूल असं सगळं लादलेलं असतंच, त्यात एक वही.

दुसरं, जागा. पूर्वी वाडा एका खाचरात दोन-चार रात्री बसायचा आणि पुढे सरकायचा. शेतकरी त्या लेंड्या-मुतासाठीच मेंढरं बसवून घेतो आणि तांदूळ किंवा पैसे देतो. म्हणजे आमच्या पोटाचा धंदा ज्या लेंडीवर चालतो त्याच लेंडीतून हा रोग पसरतो, आणि त्यावर "मेंढ्यांचं शेण दूर ठेवा" हे पुस्तकातलं उत्तर चालत नाही. आता भिवंडी-पडघ्याकडे शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, मुरबाडला प्लॉटांना तारेची कुंपणं पडली, आणि दरवर्षी तीच ती उरलेली खाचरं, तेच तळं, तीच आंब्याची सावली अनेक वाड्यांच्या वाट्याला येते. हा जंतू उघड्या उन्हात लवकर मरतो, सावलीत मात्र वर्षभराच्या आसपास तग धरू शकतो. आणि कोकरं आपण बांधतो सावलीत. गेल्या वर्षी ज्या झाडाखाली दुसऱ्याचा कळप बसला त्याच झाडाखाली. वासरू नाही, कोकरू आहे, उन्हात कसं ठेवायचं, हा चुलतीचा प्रश्न बरोबर आहे. झाडाखालची वरची माती खरवडून काढायची, किंवा कोकरांसाठी कापडाचं पाल नव्या जागी उभं करायचं, एवढं तरी लस टोचायला येणाऱ्या माणसाने सांगावं. नुसती लस देऊन मेंढी त्याच सावलीत बसवली तर लसीवर सगळा भार पडेल, आणि तेवढा तो तिला पेलणारा नाही.

एक बारीकशी वाटेल अशी गोष्ट, पण मला ती सगळ्यात जास्त टोचते. ही लस खनिज तेलातली आहे. मेंढीच्या कातडीखाली तिची गाठ होते आणि महिनोन्‌महिने राहते. तेही मेंढपाळाला आधीच सांगा, नाहीतर गाठ बघून तो म्हणेल लसीने रोग झाला. पण तीच सुई माणसाच्या बोटात गेली तर दुखणं फार वाईट असतं, सूज लवकर उतरत नाही, कधी शस्त्रक्रिया करावी लागते. वाड्यावर कोकरू धरणारी बहुतेक वेळा बाई असते, आणि तिच्या पाठीला तान्हं असतं. कोकरू मान हिसडतं. सुईला संरक्षक टोपण असलेली पिचकारी वापरा, एका माणसाने फक्त धरायचं आणि एकाने फक्त टोचायचं असं ठरवा, आणि सुई लागलीच तर डॉक्टरला कोणती लस होती ते दाखवायला रिकामी बाटली बरोबर न्यायला सांगा.

माणसातल्या क्रोन या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजाराशी या जंतूचा संबंध आहे का, हा वाद वर्षानुवर्षं चाललाय आणि मिटलेला नाही, म्हणून त्याची भीती घालून लस खपवू नये असं मला वाटतं. २००९च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याच्या अनुसूचीत हा रोग आहे, त्याचीही धमकी वाड्यावर देऊ नका. मेंढपाळ झिजलेली मेंढी लपवायला लागला की आपल्याला ना रक्त मिळेल ना लेंडी. उलट पहिल्यांदा झिजू लागलेली मेंढी जो लगेच वेगळी काढेल त्याला काहीतरी मोबदला द्या. आज ती मेंढी खाटकाकडे जायच्या आधी एखाद्या दुसऱ्या मेंढपाळाकडे स्वस्तात जाते. तात्यांनीही तसं केलंय, आणि ती कुणाकडे गेली ते मला माहीत आहे. त्यांच्या वाड्यावर मी अजून गेलेले नाही.

यंदा तात्या सरळगावहून टोकावड्याच्या बाजूला सरकतील, महाशिवरात्रीपर्यंत तिथेच. या हंगामातली कोकरं ६०च्या वर आहेत, आणि त्यांच्यातलं एकही अजून टोचलेलं नाही. मी तात्यांशी बोलून ठेवलंय : अर्धी टोचायला द्यायची, अर्धी ठेवायची, लेंड्या सुनेने गोळा करायच्या. त्यांनी विचारलं, कुठली अर्धी? मी म्हटलं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, बरं. आपल्यापैकी कुणी येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, कुत्री बांधून ठेवायला सांगते.

आपली,
ऐरोलीची एक लॅब टेक्निशियन